माझी चौकशी चावडीवर झाली

माझी चौकशी करायला पोलीस गावात आला तेव्हा मी घरामागं गोवऱ्या थापत होते. शेजारची काकू कुडावरून डोकावली आणि म्हणाली, "पोरी, चावडीवर जमादार आलाय. तुझ्याबद्दल इचारायलाय."

मला आनंदच झाला. त्या चौकशीची मी कधीपासून वाट पाहत होते. परभणीला दवाखान्यात नर्सबाईचं शिक्षण द्यायला मुली घेत होते, त्यात माझी निवड झाली होती. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. खेड्यापाड्यांतून बाळंतपणं करायला शिकलेल्या बाया हव्या होत्या आणि सातवी पास झालेल्या मुली शोधूनही सापडत नव्हत्या. मी धनगराची पोर. चौथीपर्यंत गावात शिकले आणि पुढं जिंतूरला मामाकडं राहून. मामा तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "रक्त बघून घाबरशील का?" मी म्हटलं, "अडलेल्या मेंढ्या सोडवल्यात मी, बाई." त्या हसल्या आणि माझ्या नावावर खूण केली. निघताना म्हणाल्या, "पोलिसांचा दाखला आला की तुला बोलावणं येईल. सरकारी नोकरी आहे, तेवढं करावंच लागतं."

तेवढं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

हात धुतले, पदर नीट केला आणि चावडीकडं गेले. मला वाटलं होतं, मला काही विचारतील, मी उत्तरं देईन. चावडीवर पाटलानं पंधरावीस माणसं बोलावून घेतली होती. मधे बाजेवर जमादार बसलेला, मांडीवर कागद, शेजारी चहाची बशी. मी निंबाखाली थांबले. जमादार मोठ्या आवाजात विचारत होता, कारण बोलायची त्याची रीतच तशी होती.

"जिंतूरला ऱ्हायची म्हंता. मामाकडंच ऱ्हायची का आणखी कुठं?"

"मामाकडंच," कुणीतरी म्हणालं.

"तुमी बघायला गेल्ता का?"

माणसं हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला आजही समजलेलं नाही.

"चालचलन कशी हाय पोरीची? कुणासंग बोलणं, जाणं-येणं?"

मग आमच्याच गल्लीतला एक जण म्हणाला, "तसं काय न्हाई, पण एकदा मास्तरासंग सायकलवर आल्ती."

हे खरं होतं. माय तापानं फणफणली होती. निरोप जिंतूरला पोचला तेव्हा शेवटची मोटार निघून गेली होती, आणि आमच्या शाळेतले उतारवयाचे मास्तर आमच्या गावावरूनच पुढं त्यांच्या गावाला जाणार होते. त्यांनी मला मागं बसवून आणलं, मायला डोसही दिला आणि ताक पिऊन पुढं गेले. हे सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. त्यानं पुढचं काही सांगितलं नाही आणि जमादारानं विचारलं नाही. "मास्तरासंग, सायकलवर," असं पुटपुटत त्यानं लिहून घेतलं.

मग त्याची नजर माझ्याकडं गेली. "ही कोण?"

"हीच ती," पाटील म्हणाला.

"तू हितं काय करायलीस?" जमादार मला म्हणाला. "जा घरी. तुझं काय काम हितं?"

मी गेले नाही. निंबाच्या बुडाशी तशीच उभी राहिले. चौकशी माझी होती, आणि सगळ्या गावात फक्त माझंच तिथं काम नव्हतं, हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. नुसते कान तापले होते.

जमादारानं पान उलटलं. "आता बापाचं. बाप सजायाफ्ता हाय. चोरीच्या केसमधी जेल भोगलेला."

चावडी गप्प झाली. ती गप्प झाली यात नवल नव्हतं. तिथं बसलेल्या प्रत्येकाला माझ्या बापानं काय केलं होतं ते माहीत होतं. दोघांतिघांनी तर त्याच रात्री त्याच्याबरोबर कुऱ्हाडी चालवल्या होत्या.

ही गोष्ट निजामाच्या राज्याच्या शेवटच्या काळातली. शिंदीची झाडं सरकारची असत. त्यांच्या रसाच्या दारूवर गुत्तेदार आणि सरकार दोघं पोसले जात. चळवळीची माणसं खेड्यांतून फिरून सांगत होती, शिंद्या तोडा, सरकारचं उत्पन्न बंद पाडा. आमच्या ओढ्याच्या काठानं शिंद्यांची रांग होती. मी लहान होते, पण एकामागून एक बुंधे पडल्याचा आवाज मला आठवतो. गावातली माणसं झाडं पाडून पळाली. बा पळाला नाही, कारण त्याचा मेंढरांचा वाडा ओढ्यालगतच बसला होता आणि मेंढरं सोडून धनगर कुठं पळणार. वर त्यानं पाडलेल्या झाडांच्या झावळ्या ओढून आणून वाड्याच्या कुंपणाला लावल्या होत्या, लांडग्याचं भ्या होतं म्हणून. पोलीस आले, त्यांनी झावळ्या बघितल्या आणि बाला धरून नेलं. झाडं कुणी तोडली हे शाबीत करायला साक्षीदार लागले असते. झावळ्या तर समोर होत्या. म्हणून केस झाली चोरीची. बा परभणीच्या तुरुंगात गेला आणि माय मला व धाकटीला घेऊन मेंढरांमागं हिंडली.

फौजा आल्या, राज्य गेलं, तुरुंग उघडले. परभणीत सुटलेल्या माणसांना हार घातले, मिरवणूक काढली. बा मिरवणुकीत गेला नाही. मेंढ्या विण्याचे दिवस होते. तो तडक चालत घरी आला आणि आल्याआल्या वाड्यात शिरला. ज्यांच्या गळ्यात हार पडले त्यांची नावं कुठंकुठं लिहिली गेली, त्यांना दाखले मिळाले. बाचं नाव एकाच जागी लिहिलेलं राहिलं, पोलिसांच्या दप्तरात.

राज्य बदललं, टोपीवरचा बिल्ला बदलला. दप्तर मात्र नव्या सरकारनं जसंच्या तसं उचलून घेतलं. ज्यांनी लिहिलं होतं ती माणसंही बरीचशी तीच राहिली. चावडीवर बाजेवर बसलेला जमादार तेव्हा साधा शिपाई होता. बाच्या हाताला दोरी त्यानंच बांधली होती. आणि त्याच्या शेजारी बसलेला पाटील, तेव्हा शेरवानी घालणारा आणि आता पांढरी टोपी घालणारा, त्यानं पंचनाम्यावर सही केली होती.

त्या पाटलाच्या तोंडाकडं मी बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. शिंद्या तोडल्या व्हत्या, चळवळीत, एवढं तो बोलला असता तर जमादाराला ते लिहावं लागलं असतं. पाटलानं बशीतला चहा संपवला आणि धोतराला मिशा पुसल्या.

तेवढ्यात माय आली. कुणीतरी तिला नदीवर जाऊन सांगितलं होतं. ओलं लुगडं, डोक्यावर धुण्याचं पातेलं, ती तशीच चावडीपुढं उभी राहिली.

"चोरल्या न्हाईत," ती म्हणाली. "तोडल्या व्हत्या. तुमास्नी ठाव हाय, जमादार. तुमीच आल्ता."

"बाई, मी कागदावर हाय ते सांगायलोय. माझ्या मनचं काय न्हाई."

"कागदावर कुणी लिवलं?"

जमादारानं कागद गोळा केले. "लिवायचं ते आमी लिवलं. बाकी तुमी साहेबाला भेटा."

तो जेवायला पाटलाच्या घरी गेला. माणसं उठली. त्यात शेजारच्या गावचा एक पाहुणा होता, बैलाच्या सौद्यासाठी पाटलाकडं आलेला. तो माझ्या धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचा चुलता होता. आमच्याकडं न बघता तो निघून गेला तेव्हाच माय म्हणाली, "गेलं हे."

आणि ते गेलंच. सुपारी फुटली होती, तारीख तेवढी ठरायची होती. त्यांच्याकडून निरोप आला की सध्या आमच्या घरात अडचण हाय, तुमी दुसरीकडं बघा. मध्यस्थानं नंतर मायला खरं सांगितलं. चोरीची केस त्यांना पचली असती, म्हणाला, धनगराला पोलीस कुठं ना कुठं धरतच असतात. पण थोरली मास्तराच्या सायकलवर हिंडती, हे सरकारी कागदावर गेलंय म्हंत्यात. सरकारी कागदावर. जणू सरकारनं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. धाकटीनं लग्नासाठी म्हणून शिवायला घेतलेली वाकळ घडी घालून उतरंडीवर ठेवली, आणि पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली. तिला दोष कसा द्यावा. माझ्या नोकरीपायी तिचं लग्न मोडलं होतं, आणि नोकरीचा तर पत्ता नव्हता.

विहिरीवर बाया मला नव्यानं बघायला लागल्या. मी घागर घेऊन गेले की एखादी म्हणायची, "शिकलेलीला वाट द्या गं." वाईट बोलत नव्हत्या त्या, नुसतं बोलत होत्या. चौकशीच्या आधी माझ्याबद्दल बोलायला गावाकडं काही नव्हतं. जमादार येऊन ते देऊन गेला.

बा तेव्हा मेंढरं घेऊन येलदरीकडं गेला होता. त्या बाजूला धरणाच्या कामाची माणसं यायला लागली होती आणि चराईच्या जागा बंद होणार अशी बोलवा होती, म्हणून जेवढं चरून घेता येईल तेवढं तो चारून घेत होता. तो परतला तेव्हा परभणीच्या शिक्षणाला मुली रुजू होऊन गेल्या होत्या. मला बोलावणं आलं नव्हतं. मायनं सगळं सांगितलं. बानं ऐकून घेतलं, खांद्यावरची घोंगडी काढून खुंटीला लावली आणि मला म्हणाला, "उद्या ठाण्यात जाऊ."

"कशाला? ते ऐकायचे न्हाईत."

"न ऐकू दे. पर मी काय चोरलं ते इचारतो."

ठाणं चालत अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बा पुढं, मी मागं. वाटेत तो एकदाच बोलला. एका ओढ्याकाठी शिंदीची कोवळी रोपं पुन्हा उगवलेली होती, ती बघून म्हणाला, "मरत न्हाईत ही."

ठाण्यात फौजदार नवा होता, पुण्याकडून बदलून आलेला. आधीच्या राजवटीतला नव्हता म्हणून मला धीर आला. माणूस सभ्य. त्यानं बाला बसायला सांगितलं. बा बसला नाही. मी बोलायचं ठरलं होतं, कारण साहेबाची भाषा मला जमेल असं बाला वाटत होतं.

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या चौकशीत काय लिहिलंय ते मला बघायचंय."

"ते तुला बघता येणार नाही. अहवाल गोपनीय असतो."

"गोपनीय म्हंजे?"

"म्हणजे बाहेर कुणाला सांगायचा नाही. त्यात माणसाची खाजगी माहिती असते. ती उघड होऊ नये म्हणून."

"पण साहेब, ती चावडीवर सगळ्यांना सांगितली. पाटलाला, पाहुण्याला, गल्लीला. बहिणीचं लग्न मोडलं त्याच्यावर. मग आता ती गोपनीय कुणापासनं हाय?"

फौजदाराच्या तोंडून उत्तर सरळ आलं, आणि मला वाटतं तो खोटं बोलू शकत नव्हता म्हणूनच आलं. "तुझ्यापासून."

माझ्या आयुष्यात मला राग पुष्कळदा आला असेल. त्या दिवसासारखा आला नाही. माझ्या चालण्याबोलण्याबद्दल, माझ्या बापाबद्दल, मी कुठं झोपते याबद्दल सरकारनं गोळा केलेलं सगळं गावाला ठाऊक, ठाण्याला ठाऊक, परभणीच्या कचेरीला ठाऊक. जिच्याबद्दल ते होतं तिनं तेवढं ते बघायचं नाही. बघितलं असतं तर मी काय केलं असतं? एवढंच सांगितलं असतं की मास्तरांचं वय साठीला टेकलं होतं आणि माय तापात बरळत होती.

बा पुढं झाला. "साहेब, माझ्यावर चोरी हाय म्हंत्यात. काय चोरलं ते तरी सांगा."

फौजदारानं कागद बघितला. "इथं नुसतं चोरी लिहिलंय. सजा झाली, एवढंच."

"मूळ कागद हाय का?"

मूळ कागद होता. जुन्या मिसलांचा, म्हणजे खटल्यांच्या कागदांचा, एक संदूक मागच्या खोलीत होता. फौजदारानं तो उघडायला लावला, आणि मी त्याला त्याबद्दल आजही मान देते, कारण तो नाही म्हणू शकला असता. बरीच शोधाशोध झाल्यावर एक मिसल निघाली. फौजदारानं ती उलटीसुलटी केली. सगळी उर्दूत. त्याला एक अक्षर येत नव्हतं. म्हणजे ज्या कागदाच्या आधारावर त्यानं माझ्या नावापुढं शेरा मारून सही केली, तो त्यानं वाचला नव्हता, वाचूही शकला नसता. जमादारानं तोंडी सांगितलं ते त्यानं मराठीत लिहिलं होतं.

"जमादाराला बोलवा," तो म्हणाला.

जमादार आला. बाला बघून त्यानं मान हलवली, ओळख दाखवल्यासारखी. फौजदारानं मिसल त्याच्या हातात दिली. "वाचा. सगळं."

"साहेब, जुनी बात हाय. कलम चोरीचंच हाय."

"कलम मला माहीत आहे. वाचा."

जमादार वाचायला लागला, उर्दूतून वाचून मराठीत सांगायला लागला. मुलजिमानं सरकारी शिंदीचे दरख्त इतर लोकांसोबत कापले. बागी लोकांच्या चिथावणीवरून कापले. कापलेल्या झाडांच्या झावळ्या मुलजिमाच्या मेंढरांच्या वाड्याला लावलेल्या मिळाल्या. झावळ्या सरकारी माल असल्यानं चोरी. इतर कोणताही माल मिळाला नाही. मुलजिम म्हणतो की झाडं मी तोडली, झावळ्या लांडग्यासाठी लावल्या, चोरल्या नाहीत.

"मी असंच बोललो व्हतो," बा म्हणाला. कागदावर आपले शब्द सापडल्याचं त्याला नवल वाटत होतं.

जमादार थांबला.

"पुढं," फौजदार म्हणाला.

"पुढं गवाह हायेत, साहेब. नावं."

"वाचा ना."

जमादारानं पहिलं नाव वाचलं, पाटलाचं. दुसरं नाव वाचताना त्याचा आवाज इतका खाली गेला की फौजदारानं पुन्हा विचारलं. दुसरा साक्षीदार जमादार स्वतः होता.

बा त्याच्याकडं बघत होता. रागानं नव्हे. अडलेल्या जनावराकडं बघावं तसं, कुठं धरून ओढावं याचा विचार करत. "जमादार," तो म्हणाला, "तुमास्नी ठाव व्हतं. चावडीवर सांगायचं व्हतं की झावळ्या म्हून."

"कुणी इचारलं न्हाई," जमादार म्हणाला. "मला चोरी हाय का न्हाई तेवढंच लिवायचं असतं. तितं झावळ्या लिवायला जागा नसती."

ते त्याचं खरं असेल. पण चावडीवर तर जागा होती. तिथं सगळ्यांच्या देखत तो नुसतं चोरी म्हणाला, आणि सायकलसाठी त्याच्या कागदावर जागा निघाली. मी हे बोलून दाखवलं. जमादारानं फौजदाराकडं बघितलं, फौजदारानं टेबलाकडं.

मग फौजदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, झाडं तोडणं चळवळीतलं होतं हे मला कळतंय. पण न्यायालयाचं कलम मी बदलू शकत नाही. अहवालाखाली एक शेरा वाढवू शकतो."

"काय शेरा?" मी विचारलं.

त्यानं अहवाल मिटून बाजूला ठेवला. मला उत्तर आधीच मिळालेलं होतं, गोपनीय, माझ्यापासून.

बा म्हणाला, "साहेब, मला माफी नगं, दाखला नगं. पोरीच्या कागदावरनं माझं नाव काढा म्हंजे झालं. तिला तिच्या नावानं बघा."

"बापाचं नाव कसं काढणार, बाबा?" फौजदार म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण त्याच्या वाईट वाटण्यानं कागदावरचं एक अक्षर हललं नाही. शेवटी त्यानं परभणीला नवं पत्र पाठवलं. त्यात काय होतं ते मला ठाऊक नाही. सायकलचं खोडलं की तसंच ठेवलं, तेही ठाऊक नाही.

परतताना मला वाटलं, आता तरी बा पाटलाच्या दारात जाऊन दोन शब्द सुनावेल. तो गेला नाही. माय गेली. पाटील ओसरीवर बसलेला होता. माय म्हणाली, "तुमच्या सहीनं गेला तो जेलात, आन् तुमच्या गप बसण्यानं पोरीचं लगीन मोडलं." पाटील म्हणाला, "सरकारी कामात आमाला बोलता येत न्हाई, वैनी." माय म्हणाली, "तवा लय बोलता आलं," आणि ती घरी आली. पुढं त्या घरच्या हळदीकुंकवाला, बारशाला, कशालाच तिनं पाऊल ठेवलं नाही. त्याच्या घरी बाळंतपण आलं तेव्हा मात्र मी गेले, पण ती पुढची गोष्ट. तेव्हा मी नोकरीत होते आणि बाळाचा त्यात काही गुन्हा नव्हता.

नोकरी मला वर्षभर उशिरा मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझी जागा मला ठेवता आली नाही. वरून विचारत होते, चोराची मुलगी का घेता." त्यांनी हे माझ्यावर दया म्हणून सांगितलं. मी त्यांना शिंद्यांची हकीकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" मला कुणी विचारलं होतं का, असं माझ्या ओठावर आलं. गिळलं, कारण मला रुजू व्हायचं होतं. माझ्याबरोबरच्या मुली तोवर एक वर्ष पुढं गेल्या होत्या. ज्या मुलीला मी सातवीत गणितं समजावून सांगितली होती, तिच्या हाताखाली मी थर्मामीटर झटकायला शिकले. ती चांगली होती. पण ते वर्ष माझं होतं, आणि ते कुणी परत केलं नाही.

धाकटीचं लग्न पुढं झालं, दूर, पूर्णेच्या पलीकडं, जिथं आमच्या गावची चावडी कुणाला माहीत नव्हती. घर बरं होतं. पण माय तिला भेटायला जायची तेव्हा दोन दिवस वाटेतच जात, आणि दर वेळी निघताना ती एकदा तरी म्हणायची, ती पहिली सोयरीक किती जवळची होती.

शिक्षण संपलं आणि मला पूर्णेकाठच्या एका मोठ्या गावात नेमणूक मिळाली. एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहत होते. नोकरीत कायम करायची वेळ आली तेव्हा पुन्हा चौकशी आली. महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. शिपाई नवा, कोवळा, नुकताच भरती झालेला. पद्धत मात्र तीच. मी एका बाळंतिणीला बघून परतले तर तो ओट्यावर माझ्या घरमालकिणीला विचारत होता, "बाईकडं रात्रीचं कोण येतं-जातं?"

"रात्रीचं येतात," मी मागून म्हटलं. "ज्यांच्या घरी बाई अडली असंल ते येतात. नावं लिहून घ्यायची का?"

तो दचकून उठला. म्हणाला, "तुम्हाला नाही विचारायचं, सिस्टर. चौकशी शेजाऱ्यांकडं करायची असते."

"माझ्याबद्दल जे विचारायचं ते माझ्यासमोर विचारा. आत या, बसा. आजी पण आत बसतील. ओट्यावर न्हाई. गल्लीला माझी माहिती द्यायला तुम्हाला सरकारनं पाठवलेलं न्हाई."

तो आत आला. मी त्याला बापाच्या केसची हकीकत पहिल्यापासून सांगितली, झावळ्या, लांडगा, साक्षीदार, सगळं, आणि म्हटलं, "हे लिहा." तो म्हणाला, एवढं लिहायला जागा नाही. मी वहीचं पान फाडून दिलं. त्यानं लिहिलं, घडी करून खिशात घातलं. पुढं ते पान जोडलं की वाटेत टाकून दिलं, मला कळायला काही मार्ग नव्हता. काही महिन्यांनी कचेरीतल्या एका कारकुनानं मात्र चहा पिता पिता हसत सांगितलं की तुमच्या अहवालात "वर्तणूक चांगली, परंतु बोलण्यात उद्धट" असं आहे. गोपनीय आहे, म्हणाला, कुणाला सांगू नका.

सुट्टीत गावी गेले तेव्हा मी हे बाला सांगितलं. तो वाड्याच्या तोंडाशी बसून एका मेंढीचा खूर साफ करत होता. त्यानं आधी काटा काढला.

"उद्धट म्हंजे काय गं?" त्यानं विचारलं.

"तोंडावर बोलणारी."

"मंग बरोबर लिवलंय," तो म्हणाला, आणि मेंढीचा दुसरा पाय धरायला मला पुढं बोलावलं.